चाकामागचा दगड

आमच्या गाडीचा हँडब्रेक म्हणजे एक दगड. घरासमोर उतार. माझे मिस्टर, महिपती, गाडी लावायचे, सीटखालचा दगड काढून मागच्या चाकाला टेकवायचे आणि पायानं एकदा दाबायचे. मागच्या ब्रेकचे लायनर बदला, असं मी किती वेळा म्हटलं असेल. दगडापेक्षा वीट मऊ, निदान वीट तरी लावा, म्हणून चिडवलं तरी नुसते हसायचे. शेवटी नवे लायनर आणून डिकीत ठेवले, आणि त्याच आठवड्यात जेवता जेवता छातीत कळ येऊन गेले.

दहाव्याला यांच्या नावाचा दगड, जीवखडा, नदीत सोडला तेव्हा सगळे रडले. मी नाही. बायका म्हणतात, आतल्या आत कुढते. कुढत वगैरे काही नाही. दात काढताना गाल बधिर होतो ना, तशी मी सगळीच झाले आहे.

धाकटे दीर बिभीषण भावजी रविवारी गाडी विकायला नेणार होते. जी जागेवर थांबत नाही ती ठेवून करायचं काय, हे त्यांचं म्हणणं. मी विचारलं, थांबली तर? ते म्हणाले, मग ठेवा खुशाल. मला गाडी हवी होती. तिच्या सीटला अजून यांचा वास होता. म्हणून शनिवारी मीच पाना हातात घेतला.

अंगणात सपाटीवर गाडी घेतली, पुढच्या चाकाला तोच दगड लावला आणि मागून जॅक चढवला. सासूबाई, मुक्ताबाई, पायरीवर बसून बघत होत्या. मोबाइलवर एक जण सगळं करून दाखवत होता. चाक काढलं. आतला ब्रेकचा ड्रम गंजून बसला होता, हातोडीनं ठोकून ठोकून सुटला. आतले लायनर पार पत्र्यापर्यंत झिजले होते. मला यांचा राग आला, तोही धड आला नाही. नवे लायनर बसवताना स्प्रिंग उलटी बसली, काढताना सटकली आणि बोट चांगलंच कापलं. रक्त आलं. दुखलं नाही. चिंधी बांधून दुसरी बाजू उघडली.

दुपारी गाडी उतारावर आणली. सुटली तर लावायला म्हणून सासूबाई दगड घेऊन बाजूला उभ्या राहिल्या. मी हँडब्रेक ओढला आणि ब्रेकवरचा पाय उचलला. गाडी हलली नाही.

"लावू का?" त्यांनी विचारलं.

"नको आत्या. थांबली."

त्या दगड पोटाशी धरून तशाच उभ्या. "मग आता ह्येचं काय काम न्हाय म्हण की."

गाडी राहिली होती. मला हवं तेच झालं होतं. 

"लावा आत्या," तरी मी म्हणाले. "असू द्या."

त्यांनी वाकून दगड चाकाला टेकवला आणि पायानं एकदा दाबला. माझं कापलेलं बोट तेव्हा दुखायला लागलं.