ठमीला कॉलेजात सोडताना

सेमिस्टरभर परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांच्या आईवडलांना कॉलेजनं एकदा बोलावून घेतलं होतं. काय शंका असतील त्या विचारा, म्हणाले. मग काय, लोकांना तेवढंच हवं असतं. तिकडे जेवणाचं काय, थंडी कितपत, कपडे धुवायची सोय आहे का, पोरं आजारी पडली तर कुणाला कळवायचं, तिकडच्या परीक्षेचे गुण इकडे धरतात की नाही. कॉलेजच्या मॅडम हसतमुखानं उत्तरं देत होत्या. शेवटी ठमीचे बाबा उठले. इस्त्री मोडू नये म्हणून ते सगळा वेळ ताठ बसले होते.

"मॅडम," ते म्हणाले, "खोलीच्या दारातून निघाल्यावर पहिलं वळण डावं की उजवं?"

सगळी सभा हसली. ठमीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडमनी "ते तिथे गेल्यावर कळेलच" असं म्हणून वेळ मारून नेली, पण बाबांचं काही समाधान झालं नाही. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. जन्मभर शहराची बस चालवलेला माणूस. पुढचं वळण माहीत नसेल त्यानं गाडीला हात लावू नये, असं त्यांचं साधं मत होतं, आणि इथे तर पोटची पोर निघाली होती.

ठमी म्हणजे घरातलं नाव. कॉलेजच्या दप्तरी तिचं चांगलं भारदस्त नाव होतं, पण लहानपणी गोबरी होती म्हणून ठमी पडलं ते पडलंच. बाबा त्याच वर्षी निवृत्त झाले होते आणि निवृत्ती त्यांना मुळीच मानवली नव्हती. दिवसभर गॅलरीत बसायचे. खालून बस गेली की नुसत्या आवाजावरून म्हणायचे, "हा गिअर उगाच ओढतोय." आई वैतागून गेली होती. "नोकरीत होते तेव्हा दिसत नव्हते, आता हलत नाहीत," असं ती ज्याला त्याला सांगायची.

जायच्या तयारीत असताना ठमीनं एका संध्याकाळी त्यांना संगणकावरचा नकाशा दाखवला. त्यात रस्त्यांचे फोटो असतात, बाण दाबला की माणूस फोटोतल्या फोटोत पुढे सरकतो. बाबांनी खुर्ची ओढली. ती जी ओढली ती काही दिवस सोडलीच नाही. खोली ते कॉलेज हा रस्ता त्यांनी इतक्यांदा पालथा घातला की फोटोत सापडलेली माणसंही त्यांच्या ओळखीची झाली. कोपऱ्यावर एक बाई कुत्र्याला घेऊन उभी होती. एका दुकानासमोर शिडीवर चढून एक जण शटर रंगवत होता. "अजून शिडीवरच आहे हा," बाबा म्हणायचे. "याचा साहेब कोण आहे, बघायला पाहिजे."

"तुमच्या त्या बाईला माझा नमस्कार सांगा," आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "आणि जेवायला थांबणार असेल तर तेही विचारा."

ठमी तिकडे पोचली आणि पहिल्याच सकाळी कानाला फोन लावून खोलीबाहेर पडली. तिकडे सकाळ असायची तेव्हा इकडे दुपारची जेवणं आटोपलेली असायची. बाबा हात धुऊन, अंगात चांगला शर्ट घालून संगणकासमोर बसायचे. रस्ता पायी जायचा होता, पण बाबांच्या तोंडी ती गाडीच.

"निघाली का गाडी? हं, आता डावीकडे घे. औषधाचं दुकान आलं?"

"बाबा, इथे चपलांचं दुकान आहे."

"मग बदललं असेल. फोटो जुना आहे. पुढे चल."

लोकांना हसू येईल, पण परक्या गावात, एक अक्षर ओळखीचं नाही अशा पाट्यांखालून चालताना तो आवाज कानात असला की ठमीला धीर यायचा. कॉलेजच्या फाटकाशी आली की बाबा म्हणायचे, "उतरा आता," आणि फोन ठेवायचे. तिला नंतर त्या शहरातलं दुसरं काही इतकं आठवलं नाही जितकं ते "उतरा आता" आठवलं.

मग तिसऱ्या आठवड्यात घोळ झाला. ठमीची खोली तळघरात होती, अर्धी जमिनीखाली. एके दिवशी ती कॉलेजातून आली तर भिंतीतला नळ फुटून खोलीत पोटरीभर पाणी. गादी गेली, पुस्तकं गेली, आईनं विणलेला स्वेटर पाण्यावर तरंगत होता. घरमालकीण दारात उभी राहून काहीतरी भराभर बोलत होती आणि ठमीला त्यातलं निम्मंसुद्धा कळत नव्हतं. पायऱ्यांवर बसून ती पोरक्यासारखी रडली. शेवटी कॉलेजनं तिला वसतिगृहात हलवलं. वसतिगृह कॉलेजच्या आवारातच होतं. खोलीतून निघालं, अंगण ओलांडलं, चार पायऱ्या चढल्या की वर्ग. ना रस्ता, ना वळण.

दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा ती हे सगळं सांगणारच होती. शब्द ओठांवर होते. पण बाबाच आधी बोलले.

"ठमे, तुला शाळेत सोडायला मी कधी आलो होतो का गं?"

"तुमची पहिली पाळी असायची ना बाबा."

"तेच म्हणतोय. अख्ख्या गावाची पोरं माझ्या गाडीत, आणि माझी पोर आईचं बोट धरून रस्त्याच्या कडेनं. मी खिडकीतून बघायचो. थांबता यायचं नाही." ते जरा घुटमळले. "काल तुझ्या आईला म्हटलं, राहिलेलं सगळं आता फिटतंय. हं, चल. निघाली का गाडी?"

आता सांगा, काय बोलायचं माणसानं यावर? आवारातल्या आवारात राहते, सोडायला कुणी नको, असं तोंडातून काढायचं कसं? ठमी म्हणाली, "निघाली."

उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. मग परवा सांगू. आणि असं करता करता सेमिस्टर संपलं.

रोज ती मुद्दाम लवकर उठायची. चहाचा कप घेऊन पलंगावर मांडी ठोकून बसायची, खिडकी उघडून ठेवायची म्हणजे बाहेरचा आवाज जरा आत येईल, आणि बाबा सांगतील तशी "वळले," "ओलांडला," "हो, बाई आहे कुत्रेवाली" असं म्हणत राहायची. एकदा उशीर झाला म्हणून अंगणातल्या पायऱ्या धावत चढता चढता बोलत होती. बाबांनी लगेच विचारलं, "दम का लागला?" ठमीच्या तोंडून निघून गेलं, "चढ आहे ना इथे." झालं. फोटोत चढउतार काही कळत नाही. त्या दिवसापासून शिडीवाल्याच्या दुकानापाशी आलं की बाबा न चुकता बजावायचे, "चढ आला, सावकाश." आणि ठमी पलंगावर बसल्या बसल्या धापा टाकायची.

ती परत आल्यावर बाबांना जो भेटेल त्याला तो रस्ता ऐकावा लागला. डेपोतले जुने सोबती, लग्नात शेजारी बसलेले पाहुणे, दाढी करणारा न्हावी. "आमच्या ठमीला मी रोज सोडायचो," अशी सुरुवात व्हायची आणि चढापर्यंत येऊन थांबायची. आईचे तर कान किटले होते. ठमी ऐकायची आणि दुसऱ्या खोलीत निघून जायची. विचित्र म्हणजे तिलाही त्या सकाळींची फार आठवण यायची. त्या शहराची नाही. ते तिनं धड पाहिलंच कुठे होतं? थंड खिडकी, हातातला कप, आणि कानात बाबा. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, स्वतःचं घर झालं, पण इतकं बिनघोर तिला पुन्हा कधी वाटलं नाही. आणि नेमकी तीच गोष्ट खोटी होती. बाबांना कळलं तर त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ आपण हातानं पुसल्यासारखा होईल, या भीतीनं ती वर्षानुवर्षं गप्प राहिली.

बरीच वर्षं गेली आणि कंपनीनं तिला कामासाठी त्याच शहरात पाठवायचं ठरवलं. आई म्हणाली, "यांना ने. माझे गुडघे काही विमानात मावायचे नाहीत, पण यांना त्यांचा रस्ता एकदा बघू दे." बाबांनी विषय काढला नव्हता. त्यांनी फक्त बूट पॉलिश करून दाराशी ठेवले होते.

काम संपल्यावर दोघं त्या रस्त्यावर आली. "बाबा, टॅक्सी करू या, थंडी आहे," असं ठमी दोनदा म्हणाली. बाबा कसले ऐकतात. तळघराची खिडकी त्यांनी वाकून पाहिली, तिच्यापाशी फोटो काढून घेतला, आणि हात मागे बांधून पुढे निघाले. ठमी मागे. कुणी पाहिलं असतं तर त्या गावचे तेच आणि पाहुणी ही, असंच वाटलं असतं. चपलांचं दुकान जाऊन तिथे आता चष्म्याचं आलं होतं. "आपल्या वेळी चपला होत्या," बाबा म्हणाले. आपल्या वेळी.

शिडीवाल्याचं दुकान आलं तशी ठमी उगाचच बोलायला लागली, हवेबद्दल, आईच्या औषधांबद्दल. बाबा थांबले. त्यांनी पुढे पाहिलं, मागे पाहिलं. मग दोन पावलं टाकली आणि परत थांबले. सगळं आयुष्य पायाखाली ब्रेक असलेला माणूस तो, त्याला कोण फसवणार?

"ठमे, हा तर उतार आहे."

ठमी गळ्यातला मफलर उगाच सारखा करायला लागली.

"आपला चढ होता ना इथे? तुला दम लागायचा." मग तेच तिच्या मदतीला धावले. "परत येताना असेल. येताना चढच लागणार. मीच उलटं धरून बसलो."

एवढं सोपं होतं. नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण त्यांनी आपला शहाणपणा खाली ठेवून तिला वाट करून दिली, ते काही तिला सोसलं नाही.

"नाही बाबा," ती म्हणाली. "मी या रस्त्यानं जेमतेम तीन आठवडे आले."

मग तिनं सगळं सांगितलं. पाणी, घरमालकीण, वसतिगृह, पलंग, चहा, धापा. जवळच एक बुटकी भिंत होती, तिच्यावर बाबा बसले. चेहरा पडला होता. बराच वेळ ते हाताचे तळवे मांड्यांवर घासत राहिले.

"म्हणजे मी रिकामी गाडी नेत होतो," ते म्हणाले.

"रिकामी नव्हती. मी होते ना. रोज होते. दुसऱ्या कशासाठी मी लवकर उठत नव्हते, पण त्याच्यासाठी उठायचे."

त्यांनी मान हलवली. पटलं की नाही ते कळलं नाही. ठमी शेजारी टेकली. तिला वाटलं, आता हे रागावतील, आणि रागावले तर बरं होईल. पण बाबांनी भलतंच विचारलं.

"त्या वसतिगृहात गरम पाणी होतं?"

"होतं. सकाळी लवकर गेलं तर."

"जेवण?"

"खालीच. सुरुवातीला जात नव्हतं, मग जायला लागलं."

"कुणी ओळखीचं होतं का खोलीत? आजारी-बिजारी पडलीस?"

"एकदा ताप आला होता. शेजारच्या मुलीनं औषध आणून दिलं."

सभेत सगळ्या आईबापांनी विचारलं होतं ते बाबा आज विचारत होते. तेव्हा त्यांना वळण तेवढं ठाऊक करून घ्यायचं होतं, आणि नंतर रस्ता इतका तोंडपाठ झाला की बाकी काही विचारायचं उरलंय असं त्यांना वाटलंच नाही. ठमी एकेक खरं खरं सांगत गेली. स्वेटर वाळला पण आटला. मैत्रीण उशिरा मिळाली. खिडकीतून फक्त सायकलींची रांग दिसायची.

"आणि पाणी शिरलं त्या दिवशी? काय केलंस?"

"पायऱ्यांवर बसून रडले."

"एकटीच?"

"हो."

"आणि दुसऱ्या दिवशी मी फोन केला, तेव्हा मी आपला माझंच सांगत सुटलो."

ठमीनं नाही म्हणायला तोंड उघडलं, पण ते खरंच होतं.

बाबांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत. त्यांनी तिचा हात हातात घेतला, शाळेतल्या पोरीचा धरावा तसा, मनगटापाशी घट्ट.

"सांगायचं होतंस गं," ते म्हणाले. "मी गाडी थांबवली असती."