चौकटीतली पट्टी

"कोण आहे?"

आईचा आवाज दाराच्या अगदी पलीकडून आला. किल्ली लावण्याआधीच दार बोटभर सरकलं होतं आणि आत काहीतरी जड फरशीवर घासलं होतं.

"मी, युन्सुक. काय लावलंयस गं दाराला?"

 मग तिने किमचीची बरणी ओढून बाजूला केली. दुसऱ्या हातात भाजीची सुरी होती. पायाशी बाबांचे काळे बूट मांडलेले. घरात पुरुषमाणूस आहे असं बाहेरच्याला वाटावं म्हणून.

चौकट मी तेव्हा नीट पाहिली. वर्षापूर्वी अग्निशमनवाल्यांनी पहार घालून उचकटलेलं लाकूड तसंच होतं. कुलपाची जीभ जिच्या भोकात शिरते, ती लोखंडी पट्टी वाकून लोंबत होती. आतली कडी तर उखडूनच गेली होती. स्क्रूंची चार भोकं तेवढी उरली होती. फोनवर आई म्हणाली होती, दार दुरुस्त झालं.

आई तेव्हा कचेऱ्यांच्या फरश्या पुसायला पहाटे निघायची. निघताना बाबांना बजावायची, मागून कडी घाला. चोरांची भीती बाबांना नव्हती, तिला होती. तिच्यासाठी ते घालायचे. त्या दिवशी ती परतली तेव्हा किल्ली फिरली, पण आतल्या कडीमुळे दार बोटभरच उघडलं. फटीतून त्यांचे पाय दिसले. माणसं येऊन दार फोडेपर्यंत ती त्या पायांशी बोलत होती.

गेल्या आठवड्यात भर दुपारी कुणीतरी दाराची मूठ हलवून गेलं. पार्सलवाला असेल, असं खालची शेजारीण म्हणाली. तेव्हापासून आई दाराकडे तोंड करूनच जेवत होती.

संध्याकाळी बाबांचं वर्षश्राद्ध होतं. मी म्हणाले, त्याआधी पट्टी बसवून टाकू.

"श्राद्धाला दार उघडं ठेवायचं असतं," आई म्हणाली. "नाहीतर ते येणार कसे?"

"आणि श्राद्ध झाल्यावर?"

ती नासपती सोलत राहिली.

वाकडी पट्टी रुमालात बांधून मी उल्जिरोच्या हार्डवेअरच्या गल्लीत गेले. जो तो नंबरचं कुलूप पुढे करत होता. हे जुनं आता कुणी बनवत नाही, चौकटच बदला, असं एकाने सुनावलं. शेवटच्या दुकानाचे म्हातारे मालक, पेंग, यांनी मात्र मोडक्यातोडक्या सामानाचा एक अख्खा डबा गल्ल्यावर उपडा केला.

"हिला शोधत फिरलात तर म्हाताऱ्या व्हाल, ताई," ते म्हणाले. "मी झालोच."

पट्टी मिळाली. किंचित लांब, पण भोक जागच्या जागी. घरात कोण, असं त्यांनी विचारलं. आई एकटीच असते म्हटल्यावर त्यांनी पितळी कडीही पुडीत टाकली. "पट्टी चोराला अडवते. झोप लागते ती कडीमुळे."

बसमध्ये ती पुडी मांडीवर घेऊन बसले. मी राहते लांब, बुसानला. कडीशिवाय तिला झोप लागणार नाही. कडी लावून ती कधी पडली, तर तिचे पाय फटीतून कोण पाहणार?

फुटलेल्या लाकडात चिपा ठोकून मी पट्टी बसवली. मग पान मांडलं, बाबांनी येऊन जेवावं म्हणून त्यांच्या भातात चमचा उभा रोवला, दार हातभर उघडं ठेवलं. जिन्यात पावलं वाजली. आईचे खांदे आखडले, नजर फटीवर. पावलं वरच्या मजल्यावर गेली. ती उठली नाही. दार तसंच राहिलं.

श्राद्ध आटोपल्यावर तिने स्वतः दार लोटलं. जीभ पट्टीत शिरली, खट्ट झालं, तशी ती दचकली. मूठ धरून ओढून पाहिलं. दार हललं नाही. तिने आणखी एकदा ओढलं.

मी पुडी उघडून कडी तिच्यासमोर ठेवली. "लावू?"

तिने चौकटीतल्या जुन्या कडीच्या चार भोकांवरून बोट फिरवलं. मग बाबांच्या वाडग्यातली चार शितं उचलली, बोटांत मळली आणि एकेका भोकात भरू लागली.

"एक किल्ली तुझ्याकडे असू दे," ती म्हणाली. "एक खाली शेजारणीला देऊन ये."

मी किल्ली घेतली. चौथ्या भोकावर तिचा अंगठा बराच वेळ तसाच होता.