सिद्धम्माचा भात आणि मी

मी एक जिवाणू बोलतोय. आकारानं काडीसारखा आहे, पण तुम्हाला दिसणार नाही. माझा जन्म भाताच्या शेतातल्या चिखलात झाला. चिखल वाळला तेव्हा अंगाभोवती जाड कवच करून मी बीजाणू झालो. असं आम्हाला वर्षानुवर्षं पडून राहता येतं. खायला लागत नाही, पाणी लागत नाही. तांदळाच्या पोत्यातून मी सोलापूरजवळच्या कुंभारीला आलो.

तिथं सिद्धम्मा पंगतींचा स्वयंपाक करायची. त्या दिवशी गावात व्यायामशाळेचं उद्घाटन होतं. कांदे चिरताना तिचं बोट कापलं. तिनं चिंधी बांधली आणि सकाळी आठला पातेलंभर भात उतरवला. उकळत्या पाण्यात बाकीचे जिवाणू मेले. मी कवचात होतो.

“भात झाला की, दादा. वाढू का?” तिनं विचारलं.

कार्यक्रमाचे प्रमुख उदयसिंह म्हणाले, “थांबा की. पाव्हणं होटगीत थांबल्यात. झाकून ठेवा.”

भात कोमट झाला. मी कवचातून बाहेर आलो. एकाचे दोन, दोनाचे चार झालो. वाढता वाढता आमच्याकडून विषही तयार झालं. पाहुणे दुपारी तीनला आले. भात पुन्हा वरवर गरम केला, म्हणून आमच्यातले काही वाचले; पण ते विष कितीही तापवून जात नाही.

पाचपर्यंत एकतीस जण ओकत होते. दुसऱ्या दिवशी सगळे बरे झाले आणि बोलू लागले. “तिच्या बोटाला चिंधी हुती की!” चिंधी सगळ्यांनी पाहिली होती. मला कुणीच नाही. सिद्धम्माची तीन लग्नांच्या पंगतींची कामं गेली.

उरलेला भात सोलापुरातल्या एका प्रयोगशाळेत गेला. तिथं आरजू तपासणी करायची. सिद्धम्मा तिच्यापुढं येऊन बसली.

“पोरी, माझ्या हाताचं हाय का, तेवढं सांग.”

“मावशी, जखमेतले जंतू गोल असतात, द्राक्षाच्या घडासारखे. बघूया.”

आरजूनं मला जांभळा रंग दिला. मी गोल नव्हतो. पोटात बीजाणू दिसला. बीजाणू करणाऱ्यांची दोन मोठी घराणी आहेत. धनुर्वाताचा जंतू ज्या घराण्यातला, त्यांना हवा सोसत नाही. मी उघड्या हवेत वाढलो, म्हणजे बॅसिलस. पण काळपुळी या जीवघेण्या रोगाचा जंतूही बॅसिलसच. तो जागचा हलत नाही. मी पोहतो, हे आरजूनं पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. आणखी काही चाचण्या झाल्या. नाव ठरलं, बॅसिलस सिरिअस. गोल जंतू एकही निघाला नाही.

“मावशी, हा तांदळातूनच येतो. भात सात तास ठेवला, म्हणून वाढला.”

सिद्धम्मानं टेबलावरचा कोरा कागद तिच्यापुढं सरकवला. मग म्हणाली, “हे मराठीत लिहून दे. गावात वाचायचं हाय.”

ग्रामसभेत कागद उदयसिंहांनीच वाचला, असं तिनं नंतर येऊन आरजूला सांगितलं. वाचून झाल्यावर ते खाली बसेनात. “भात आमी ठेवायला लावला. हिचा दोष न्हाय,” ते म्हणाले. हे वाक्य कागदात नव्हतं.

आता मी प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये, एका काचेच्या नळीत, पुन्हा कवचात आहे. नळीवर माझं नाव आहे. तक्रार नाही. तुमच्या डब्यातल्या तांदळातही माझी भावंडं असतील. ती उपाशी राहू शकतात, तुम्ही राहू नका. भात गरम आहे तोवर जेवून घ्या.