एल्वीची हाक आणि माझी बादली

मी सीर्तो बोलतोय. बोलतोय खरा, पण सवय नाही, तेव्हा अडखळलो तर सांभाळून घ्या. आमच्या कुळात काम नीट झालं की गप्प बसायचं आणि बिघडलं तरच तोंड उघडायचं, अशी रीत आहे. माझ्या जन्मदात्याने मात्र मला दोन्ही वेळी गप्प बसायला शिकवलं. त्यामुळे एकदा काय अनर्थ होणार होता, तेच सांगायला आलोय.

मी सी भाषेत लिहिलेला एक छोटा प्रोग्राम. आमच्या गावच्या भाषेत सीर्तो म्हणजे हलवाहलव. माझा जन्म हाउकिलाम्पी गावातला, वेइयो हुट्टुनेनच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एका रविवारी दुपारी, बासष्ट ओळींत. वेइयो टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला. त्याच्यासोबत तासभर कॉफी प्यायलात तर चार वाक्यं ऐकायला मिळतात, आणि त्यातली दोन तळ्यावरच्या बर्फाबद्दल असतात. बापाचा स्वभाव पोरात उतरतो तो असा.

माझं काम सोपं वाटतं. एका डिस्कवरची फाइल दुसऱ्या डिस्कवर हलवायची. पण प्रत्येक डिस्कची फायली ठेवायची आपापली पद्धत असते, तिला फाइल सिस्टीम म्हणतात. एकाच सिस्टीममध्ये फाइल हलवणं म्हणजे दारावरची पाटी बदलणं, डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. दुसऱ्या सिस्टीममध्ये जायचं असेल तर नुसती पाटी चालत नाही, घरातलं सगळं सामान उचलून न्यावं लागतं. त्यासाठी वेइयोने मला एक बादली दिली होती. जुन्या फाइलीतून बादली भरायची, नव्या फाइलीत ओतायची, पुन्हा भरायची, पुन्हा ओतायची. सगळं ओतून झालं की जुन्या जागेवरचं नाव पुसायचं आणि मुकाट्याने निघून जायचं.

वेइयोने मला गावच्या संग्रहालयाला भेट दिलं. तिथे एकटी राइली काम करते. बाई मोठी उत्साही, पण एक खोड अशी की पडद्यावर एकदा उघडलेलं काहीही बंद करायचं म्हणून नाही. वेइयो आला की ठिणगी पडायचीच.

"हे उघडं कशाला?"

"लागतं मला."

"आणि हे?"

"तेही लागतं."

"राइली, ही तर नाताळच्या बिस्किटांची कृती आहे. आता एप्रिल चाललाय."

"मग? पुढचा नाताळ काय येणारच नाही?"

वेइयो मान हलवायचा आणि कॉफी ओतून घ्यायचा. आपल्याला काय करायचंय म्हणून मी सोडून द्यायचो.

त्या एप्रिलात संग्रहालयात गोठ्यांचं प्रदर्शन भरायचं होतं. त्यातली मुख्य गोष्ट म्हणजे एल्वीची चित्रफीत. एल्वी ही गावातली शेवटची बाई, जी रानात गेलेल्या गायींना गाऊन हाक मारायची. ती दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. तिच्या हाकेची ही एवढी एकच फीत होती, एक तास दहा मिनिटांची, भलीमोठी. जुनी डिस्क कुरकुरायला लागली होती, म्हणून राइलीने दुकानातून नवी आणली.

सकाळी तिने फीत नीट आहे ना, हे बघायला उघडली, पहिल्याच चित्रावर थांबवली आणि तशीच ठेवून मला हुकूम सोडला, की ही नव्या डिस्कवर हलव. मग ती कॉफी प्यायला गेली.

मी कामाला लागलो. पाटी बदलून भागेल का, असं यंत्राला विचारलं, तर दुसरी सिस्टीम आहे, नाही चालणार, असं उत्तर आलं. घेतली बादली. चार जीबीपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. मग नवी डिस्क म्हणाली, "बस! माझ्याकडे एका फाइलीला याहून जास्त जागा देत नाहीत." प्रत्येक बादलीला ती हेच सांगत होती. पण ओतल्यावर समोरचा काय म्हणतो ते ऐकायचं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. भरलेली बादली उपडी करायची आणि वळायचं, एवढंच मला ठाऊक. दीड लाखाहून जास्त बादल्या मी वाऱ्यावर ओतल्या. वर जुन्या फाइलीचं नाव पुसलं आणि शहाण्यासारखा गप्प बसलो.

राइली परत आली. "काही बोलला नाही, म्हणजे झालं," असं म्हणून दुसऱ्या कामाला लागली. आज ते वाक्य आठवलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

दुपारी सिल्वी आली. एल्वीची धाकटी बहीण, वय शहाऐंशी. रविवारी प्रदर्शन उघडणार, त्या गर्दीत तिला नीट ऐकू येणार नव्हतं, म्हणून आधीच यायचं ठरलं होतं. राइलीने तिला खुर्चीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि नव्या डिस्कवरची फीत लावली. एल्वी पायरीवर बसून बटाटे सोलत होती.

"सोलतेय बघ कशी जाड," सिल्वी म्हणाली. "अर्धा बटाटा डुकरांना. किती वेळा सांगितलं हिला!"

एकोणिसाव्या मिनिटाला बटाटा हातात तसाच राहिला आणि फीत संपली.

"हाक कुठंय?" सिल्वीने विचारलं. "शेवटी ती गायी मोजते आणि मला ओरडून सांगते. मी आत गोठ्यात होते. राइली, माझं नाव घेते ती शेवटी. तेवढंच ऐकायला आले गं मी."

राइलीने जुन्या डिस्कवर शोधलं. फाइल नव्हती. तिने वेइयोला फोन लावला. तो तळ्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरत बसला होता.

"वेइयो, एल्वी गेली!"

"दोन वर्षं झाली त्याला."

"अरे, फीत गेली! तुझ्या त्या सीर्तोने अर्धीच नेली आणि जुनी पुसून टाकली!"

वेइयोने गळ बाजूला ठेवला. मग वेइयोने विचारलं, "सकाळी फीत उघडली होतीस?"

"हो."

"बंद केलीस?"

"नाही केली. झालं तुझं सुरू? या घडीला तरी टोकू नकोस, हे बघ, आत्ता बंद करते..."

"हात लावू नकोस!" वेइयो ओरडला. उभ्या आयुष्यात त्याला असं ओरडताना कुणी ऐकलं नसेल. "काही म्हणजे काही बंद करू नकोस! आलोच!"

गोष्ट अशी असते, की आमच्याकडे फाइलीचं नाव पुसलं तरी ती जोवर कुणी उघडून बसलंय तोवर तिच्यातलं काही मिटत नाही. नाव नाही, गाव नाही, पण जीव असतो. राइलीच्या पडद्यावर, बिस्किटांच्या कृतीमागे, एल्वी अजून पहिल्याच चित्रावर थांबलेली होती. ते एक चित्र बंद झालं असतं, तर सगळं संपलं असतं.

वेइयो येईपर्यंत राइली हात पाठीमागे बांधून उभी राहिली. सिल्वी पुढे वाकून पडदा बघायला लागली, तशी राइली किंचाळली, "सिल्वीमावशी, हात मांडीवर!"

वेइयो आला, माशांची बादली दाराशी ठेवली आणि टोपीही न काढता बसला. आधी त्याने मला उघडलं. माझ्या ओळी वाचताना त्याचे कान लाल झाले.

"चूक याची नाही," तो म्हणाला. "माझी आहे. मी विचारायलाच शिकवलं नाही याला."

मग त्याने मला शिकवलं. प्रत्येक बादली ओतल्यावर किती घेतली ते विचार. अर्धीच घेतली तर उरलेली पुन्हा ओत. नकार आला तर तिथंच थांब, ओरड, आणि जुन्या फाइलीला बोट लावू नकोस. शेवटी सगळं डिस्कवर खरंच मुरलं का ते विचार, आणि मगच नाव पुस. खिशातून त्याने स्वतःची डिस्क काढली. मोठ्या फायली घेणारी. उघड्या फायलींची यादी यंत्राजवळ असते, तिथून त्याने बिननावाच्या फाइलीची वाट दाखवली आणि म्हणाला, "जा. नुसती उतरवून घे, पुसू काही नकोस."

मी निघालो. भर, ओत, विचार. भर, ओत, विचार. दोनदा अर्धी बादली परत आली, ती मी पुन्हा ओतली. शेवटचा थेंब पोहोचला, मी डिस्कला खात्री विचारली, ती हो म्हणाली, आणि सवयीने मी गप्प बसलो.

"झालं का?" सिल्वीने विचारलं.

"काही बोलला नाही, म्हणजे झालं," वेइयो म्हणाला.

"हे काय बोलणं झालं?" सिल्वी उखडली. "सकाळी पण नव्हताच बोलला! आमची एल्वी गायी मोजून ओरडून सांगायची, तेव्हा कुठं मी गोठ्याचं दार लावायची. तिने गप्प राहायचं आणि मी समजून घ्यायचं, असं केलं असतं तर अर्ध्या गायी लांडग्यांनी नेल्या असत्या!"

वेइयोने तिच्या कानांवर हेडफोन चढवले, खोलीतला आवाजही चालू ठेवला. नवी फीत लावली.

बटाटे संपले. एल्वी उठली, एप्रनला हात पुसले आणि रानाकडे तोंड करून तिने हाक घातली. मी ती वाहून आणली होती, पण बादलीत काय आहे ते मला कधीच कळत नाही. सिल्वीचे डोळे भरून आले, राइलीचेही, आणि वेइयो माशांच्या बादलीकडे बघत राहिला, तेव्हा मला थोडं कळलं. झाडांमधून एकेक गाय आली. एल्वीने त्या मोजल्या आणि ती वळून ओरडली, "सिल्वी! सगळ्या आल्या!"

"बरं!" फितीतल्या गोठ्यातून आवाज आला.

"बरं!" खुर्चीतली सिल्वीही म्हणाली, हेडफोनमुळे जरा मोठ्यानेच.

आता माझ्या ब्याऐंशी ओळी आहेत. राइली अजून काही बंद करत नाही आणि वेइयो अजून मान हलवतो, पण बिस्किटांच्या कृतीबद्दल त्याने पुन्हा अवाक्षर काढलेलं नाही. माझ्यासारखा कुणी लिहायला बसलात तर एवढंच करा, ओतल्यावर समोरच्याचं ऐकायला त्याला शिकवा.

शेवटची ओळ वेइयोने त्याच संध्याकाळी घातली, कुळाची रीत मोडून. काम पुरं झालं, सगळं मोजून जुळलं, की मी आता गप्प बसत नाही. पडद्यावर लिहितो, "सगळ्या आल्या."