पूर्वेस पाण्याची टाकी

नोंदणी कार्यालयात पौर्णिमाच्या हातात खरेदीखताची प्रत आली तेव्हा त्या नवरा-बायकोच्या पुढं फक्त तीन टोकनं उरली होती. ही प्रत आठ दिवस आधी मागून, घरी चहा पीत वाचायची असते. पण पहिलंच घर घेणाऱ्याला एवढी अक्कल असती, तर एजंट लोकांची पोटं कशावर भरली असती?

घर त्यांनी तीनदा जाऊन बघितलं होतं. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव, एकसारख्या घरांच्या ओळी. तिच्या नवऱ्यानं, धम्मपालनं, भिंतीवर टकटक करून पाहिलं, न्हाणीचं पाणी कुठं जातं ते बघितलं, नळाला पाणी कधी येतं ते शेजाऱ्याला विचारलं. बँकेच्या वकिलानं कागद तपासला, तो चोख निघाला. घरही चोखच होतं. कागदावरचं घर आणि डोळ्यासमोरचं घर एकच आहे का, हे बघायला मात्र कुणी गेलं नव्हतं.

पौर्णिमा सरकारी दवाखान्यात नर्स. सुई टोचण्याआधी केसपेपरवरचं नाव आणि समोरचा माणूस ताडून बघायची तिची बारा वर्षांची सवय. त्याच सवयीनं ती चतुःसीमा वाचायला लागली, म्हणजे घराच्या चारी बाजूंना काय आहे ते.

‘पूर्वेस पाण्याची टाकी.’

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. त्यांनी बघितलेल्या घराच्या पूर्वेला रस्ता होता. टाकीला लागून जे घर होतं, तिथं ती दर महिन्याला बीपीच्या गोळ्या द्यायला जायची. त्या घरात कडूबाई राहायच्या.

“बब्रुवानकाका,” ती घर विकणाऱ्या म्हाताऱ्याला म्हणाली, “तुमच्या घराला टाकी कुठंय?”

एजंट बिराप्पा मध्येच हसला. “म्याडम, घर डोळ्यानं बघितलंय न्हवं? मग टाकीचं काय घेऊन बसलाव? आता आपलाच नंबर येतोय.”

“मी त्यांना विचारलं.”

बब्रुवाननं टोपी काढून मांडीवर ठेवली. “घरं चिठ्ठ्या टाकून वाटली तवा मला टाकीजवळचं आलं. कडूबाईला माझं आत्ताचं. भूकंपाच्या पहाटं तिचा नवरा गेला, दोन्ही लेकरं गेली. राहिला एक भाऊ, त्याचं घर टाकीजवळ. बाई एकटी घरात झोपंना, आंगणात बसून राहायची. म्या म्हणलं, तू जा भावाशेजारी, म्या तुझ्या घरात राहतो. झालं.”

“कागद?”

“शब्द दिल्यावर कागद कशाला लागतो? तीस वर्सं होत आली, कुणी इचारलं न्हाय.” त्याचा आवाज चढला. “म्या फसवायलोय असं म्हणायचंय का तुला?”

तो फसवत नव्हता, आणि पौर्णिमाला त्याचीच भीती वाटली. लबाड माणसाशी भांडता येतं. चांगल्या माणसाच्या चुकीपुढं काय बोलायचं तेच सुचत नाही.

ऑपरेटरनं पुढचा नंबर पुकारला. दोन उरले.

धम्मपालनं तिला बाजूला घेतलं. “सही करून टाकू. काकाचं सामान टेम्पोत भरलंय, ते पोराकडं पुण्याला चालले. आपल्याला तीस तारखेला खोली रिकामी करायचीय. पुन्हा दारोदार फिरायचं? नाव सांगितलं की ‘खोली कालच गेली’ ऐकायचं?”

ते ऐकणं तिला नवं नव्हतं. सही केली तर राहायला चांगलंच घर मिळणार होतं, कुणी उठवणारही नव्हतं. निदान आज तरी.

“अहो, पाण्यातल्या म्हशीचं मोल करू नये म्हणतात. आपण म्हैस बाहेर काढून बघितली, पण दावं भलत्याच म्हशीचं हातात घ्यायलोय. कडूबाईंचं छप्पर आपल्या नावावर होईल.”

“त्यांना कोण काढतंय?”

“आपण नाही. पण बँकेचे हप्ते थकले तर?”

बोलण्यात मधले दोन नंबर होऊन गेले. ऑपरेटरनं त्यांचा नंबर पुकारला, पुन्हा पुकारला. पौर्णिमा हातात प्रत घट्ट धरून उभी राहिली. तिसऱ्यांदा पुकारून त्यानं मागच्या माणसाला आत घेतलं. बिराप्पा काहीतरी पुटपुटत बाहेर निघून गेला.

दुपारी बब्रुवानला घेऊन ती दोघं कडूबाईंच्या दारात आली. पौर्णिमानं सगळं सांगितलं: आधी अदलाबदलीचा दस्त, मगच खरेदी, आणि त्यासाठी तुमचा अंगठा लागेल.

“आज सही झाली असती तर म्या कुणाच्या घरात असते?”

“माझ्या.”

“ठेवलं असतंस मला?”

पौर्णिमाला खोटं बोलवेना. “मी ठेवलं असतं, मावशी. बँकेचं सांगता येत नाही.”

कडूबाई बब्रुवानकडं वळल्या. “आन् तू शब्द दिऊन मला हितं आणलंस, त्याची ही गत?” त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना रडू येत होतं. बब्रुवाननं मान खाली घातली आणि पुण्याला फोन लावून चार-आठ दिवस येत नाही म्हणून कळवलं.

धम्मपाल अजून उंबऱ्याबाहेरच उभा होता. मनात तो तीस तारखेपर्यंतचे दिवस मोजत होता.

“कागद हुईस्तवर कुठं ऱ्हाणार तुमी?” कडूबाईंनी विचारलं.

“बघू कुठंतरी,” पौर्णिमा म्हणाली.

“बघायचं काय त्यात? दोन खोल्या हायेत, मला एक बास हाय. ह्या घराचा कागद माझ्याकडं न्हाय म्हणून मला ‘या’ म्हणायचा हक न्हाय व्हय?” त्यांनी धम्मपालला हाक मारली. “आत ये की, बाबा. दारात का हुबा?”