मंत्री उठून उभे राहिले

"कंगवा ठेवून घेतला ना ताई त्या पोलीसबाईनं! कंगव्यानं मी काय आमदाराचा भांग पाडणार हाय?"

तपासणीच्या रांगेतून सुटल्यावर वच्छलाबाई उत्तराताईंच्या कानाशी पुटपुटल्या. एरवी अशा बोलण्यावर उत्तराताई खुदकन हसायच्या. आज त्यांनी फक्त चष्मा पुसला.

अधिवेशन नसताना विधानभवन लोकांना आतून दाखवायला सुरुवात झाली होती. उत्तराताई अंगणवाडीतल्या बायांच्या संघटनेच्या पुढारी, राहायला धरमपेठेत. ही बातमी त्यांना भिवापूरहून वच्छलाबाईंनीच फोनवर सांगितली. ताईंना तिचा आनंद झालेला दिसला नाही. आधी ऊन आडवं आलं, मग गुडघे, मग बेसात राहणाऱ्या भाचीकडे जायचं निघालं. शेवटी वच्छलाबाईंनी ऑटो दारात उभा करूनच हाक मारली, तेव्हा त्यांचा नाइलाज झाला.

वच्छलाबाई अंगणवाडीत मदतनीस. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची. अंगणवाडी भरते मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर; भजनी मंडळ आलं की पोरं बाहेर. एक पक्की खोली द्या, एवढ्यासाठी त्या दर डिसेंबरला अधिवेशनावरच्या मोर्चात येत आल्या होत्या. मोर्चा बॅरिकेडपाशी अडतो. तिथून पाच जणींचं शिष्टमंडळ पोलिसांच्या गाडीत बसून आत जातं, बाकीच्या रस्त्यावर पेपर अंथरून भाकर-ठेचा सोडतात. उत्तराताई नेहमी त्या पाचांत. परत आल्या की टेम्पोवर चढून माइक हातात घ्यायच्या: "मंत्री खुर्चीतून उठून उभे राहिले! म्हणाले, बसा ताई, तुमचं काम ते माझं काम."

मंत्री बदलले, सरकारं बदलली. उठून उभं राहणं तेवढं कायम राहिलं.

त्या एका वाक्यावर वच्छलाबाई वर्षभर बाया गोळा करत. "मंत्री उठतेत वं आपल्यासाठी! घरचा माणूस उठते का?" यावर कुठलीही बाई मोर्चाला तयार होई.

शिष्टमंडळ मात्र फार लवकर परत येई. ठेचा संपायच्या आत. ते सगळ्यांना दिसे, पण विचारायची वेळ आली की सगळ्या एकदम पाणी प्यायला लागत.

यंदा ताईंचे गुडघे काही चालू देणार नव्हते. चार जणींना घेऊन आत जायचं होतं वच्छलाबाईंना. म्हणून मंत्री जिथे भेटतात ती खोली त्यांना आधी पाहून ठेवायची होती.

मुग्धा नावाची मुलगी इमारत दाखवत होती. पाहुण्यांकडे तोंड करून उलटी चालायची आणि गोड बोलायची.

"पोरी, मंत्री निवेदन घेतेत ते खोली कुठी?"

"मंत्र्यांची दालनं बंद असतात, काकू."

"बायरूनच पायतो. ताई, तुमी सांगा. डावीकडं का उजवीकडं?"

उत्तराताईंनी हात उचलला. तो जरा हवेत फिरला आणि एका दाराशी थांबला. "ती... ती बहुतेक."

"ती स्टोअररूम आहे," मुग्धा म्हणाली.

इमारत बघायला आलेलं एक कुटुंब मागून चालत होतं, त्यातलं कोणीतरी खोकलं. वच्छलाबाई लगेच म्हणाल्या, "रंग बदलला असन. आमची पंचायत रंगवली तं सरपंचच शेजाऱ्याच्या घरात शिरला होता!"

सगळे हसले. ताई हसल्या नाहीत.

सभागृहाच्या वरच्या गॅलरीत पोचल्यावर ताईंनी बसून घेतलं. खाली रिकाम्या खुर्च्यांच्या रांगाच रांगा. मुग्धा बाकीच्यांना अध्यक्षांची जागा दाखवायला कठड्यापाशी घेऊन गेली.

"वच्छला," ताई हळू आवाजात म्हणाल्या, "रस्त्यावर बसलेल्या बायांना काहीतरी चांगलं सांगावं लागतं गं. नाहीतर पुढच्या वर्षी कोणी येत नाही."

"हो ना."

"तूही सांगशील. तुला तर माझ्यापेक्षा छान बोलता येतं."

वच्छलाबाईंनी समोरची खुर्ची पदराने पुसली. ती स्वच्छच होती. या बाईनं आपल्याला एवढी वर्षं चालतं ठेवलं, हे त्या विसरल्या नव्हत्या. भर सभागृहात तिची मान खाली घालायला लावायची नव्हती. पण देवळाची ओसरी काही डोळ्यांपुढून हलेना, आणि टाळ-मृदंग येताच ताटल्या उचलून उन्हात जाणारी पोरंही.

"ताई, मी रागावून नाही राहिली. मले फकस्त तयारीचं सांगा. मंत्री भेटत असन तं मी कागद घेऊन जाईन. भेटत नसन तं चटई घेऊन जाईन. अंथरीन दारात, अन् बसून राहीन भेटेपर्यंत. अन् बायाइले बी तसंच सांगीन, टेम्पोवर चढून."

"चला, पुढे जाऊया," मुग्धानं हाक दिली. दोघींपैकी कोणी उठलं नाही.

उत्तराताई खालच्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत होत्या.

"चटई ने," त्या म्हणाल्या. आवाज बारीकच होता, पण त्या शांत सभागृहात तो थेट खालपर्यंत गेला. "एकदाही भेटले नाहीत गं."