तिचा डाव

“बसा की नीट, भाऊजी! बसमध्ये अर्ध्या सीटवर टेकल्यासारखे काय टेकलाय?”

बेकरीवाल्या ताई मॅटवर उताण्या झोपल्या होत्या. लिफ्ट दुरुस्तीवाला त्यांच्या दोन बाजूंना गुडघे टेकवून, जमेल तेवढा अधांतरी, त्यांच्या पोटावर बसला होता. परक्या बाईच्या पोटावर बसायची वेळ आयुष्यात कधी येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

“वजन टाका. मी रोज मैद्याची पोती उचलते. तुमचं काय घेऊन बसलात!”

त्यानं वजन टाकलं. ताईंनी त्याची बाही कोपराजवळ धरली, मनगट आत वळवलं, आपल्या पायानं त्याचा पाय अडकवला आणि मग काहीच केलं नाही. नुसत्या थांबल्या. आता पुढे काय, असं म्हणत त्यानं श्वास सोडला, तोच खालून जमीन उचलल्यासारखी झाली. दुसऱ्या क्षणी तो पाठीवर होता आणि ताई वर.

“हा तिचा डाव,” ताई म्हणाल्या. “सरांचा नाही. सर म्हणतात, धरलं की लगेच कंबर उचला. ती मात्र थांबायची. समोरच्याचा श्वास सुटला, की मग. मला वर्षभर पाडत होती. शेवटी माझं अंगच शिकलं.”

तो छताकडे बघत पडून राहिला.

“लागलं का?”

“नाही. पुन्हा करा.”

ती म्हणजे त्याची बायको. इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला होती. ओल्या चादरी उचलून पाठ धरली, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, आणि ती चालायला जायचं सोडून टायरच्या दुकानावरच्या या हॉलमध्ये येऊन जिउ-जित्सूच्या क्लासला नाव घालून बसली. ठोसे नाहीत, लाथा नाहीत. जमिनीवर धरायचं, अडकवायचं, उलटवायचं. अडकलेल्यानं दोनदा थोपटलं की सोडून द्यायचं. लहानखुऱ्या माणसाला धिप्पाड माणूस उलटवता येतो, एवढंच तिला त्यातलं आवडलं होतं.

क्लासहून आली की ती पलंगावरची गादी खाली ओढायची.

“अहो, पाचच मिनिटं. नुसते माझ्या अंगावर बसा. बाकी मी बघते.”

“नवऱ्याला पाडायला फी भरावी लागते होय? इतकी वर्षं फुकट पाडत आलीस की!”

ती हसायची. मग म्हणायची, “खरंच बसा ना.” तेवढ्यात कुणाची तरी लिफ्ट अडकलेली असायची, नाहीतर तो दमलेला असायचा, नाहीतर खालच्या मजल्यावरचे काय म्हणतील हे असायचं. गादी पुन्हा पलंगावर जायची. ती एकटीच ओढून वर घालायची.

एका सकाळी लाँड्रीत ती चक्कर येऊन पडली. मेंदूत रक्त साकळलं होतं. दुसऱ्या दिवशी संपलं.

महिन्याभरानं तो हॉलमध्ये आला तो खुंटीवरचा तिचा जाड पांढरा डगला न्यायला. डगला काखेत मारून जिना उतरणार, तर बेकरीवाल्या ताई आडव्या आल्या.

“भाऊजी, तुम्हाला डाव दाखवायचाय, दाखवायचाय, असं सारखं म्हणायची ती. दाखवला का?”

“नाही.”

“मग बूट काढा.”

तेव्हापासून तो मंगळवारी आणि शुक्रवारी येऊ लागला. मुलीनं फोनवर डोक्याला हात लावला असावा. “बाबा, या वयात? हाडं मोडून घ्याल!” त्यानं सांगितलं, “तुझी आई करत होती ना?” मुलगी म्हणाली, “ती तुम्हाला पाचच मिनिटं बसा म्हणायची, तेव्हा?” त्यानं जेवलीस का विचारलं.

तो डाव शिकायला येत नव्हता. तो पडायला येत होता. कसरती झाल्या, सरांनी शिकवलेलं घोटून झालं, की शेवटी जोड्या जोड्यांनी मोकळं खेळायचं असे. तेव्हा तो ताईंसमोर जाऊन बसायचा. बाही धरली जायची, पाय अडकायचा आणि मग ती थांबण्याची वेळ यायची. त्या थांबण्यासाठी तो आठवडाभर कामावर लिफ्टच्या शिड्या चढत होता. घरात तिला दूध तापेपर्यंत धीर नसायचा. गॅस मोठा, पदर खोचलेला, सगळं तरातरा. ती अशी कुणाचा श्वास मोजत शांत पडून राहू शकते, हे तिचा नवरा सोडून या हॉलमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला ते आता, दुसऱ्या बाईच्या हातातून कळत होतं. आणि या एकाच बाईच्या. बाकीच्यांचा डाव सरांच्या वळणाचा होता.

“तुम्ही सुधारत नाही आहात, काका,” सर एकदा म्हणाले. सर त्याच्या मुलीच्या वयाचे. “नुसतं पडत राहिलात तर मान दुखावून घ्याल. मी जबाबदारी घेणार नाही. घरी सराव करा.”

आपलं येणं बंद होईल या धास्तीनं त्यानं सराव धरला. रात्रीचं जेवण झालं की गादी खाली ओढायची आणि उशी मधे घेऊन तिच्यावर बसायचं. गुडघे रुंद. कंबर जड. बाही धरली गेली असं समजून कोपर मागे खेचायचं आणि हात लांब टाकून टेकायचा. तो मेकॅनिक होता. एकच काम हजारदा करायचा त्याला कंटाळा नव्हता. धाप कमी झाली. पाठ सरळ झाली. आरशात खांदे दिसू लागले. सरांनी त्याच्या पट्ट्याच्या टोकाला पांढरी चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे एक पायरी वर. ताई म्हणाल्या, “आता मिठाई द्या.” तो म्हणाला, “बेकरी तुमची, आणि मिठाई मी देऊ?”

त्या शुक्रवारी तो नेहमीसारखा ताईंच्या पोटावर बसला. त्यांनी बाही धरली. पाय अडकवला. थांबल्या. त्याला ते थांबणं ओळखीचं झालं होतं. त्यानं डोळे मिटून श्वास सोडला. कंबर उसळली.

तो पडला नाही.

कोपर केव्हाच मागे आलं होतं. हात लांब जाऊन मॅटवर टेकला होता. त्यानं काहीच केलं नव्हतं. हातानं केलं होतं.

“व्वा!” सर ओरडले. “थांबा सगळे, इकडे बघा! काकांनी कसा हात टाकला बघा!”

टाळ्या झाल्या. ताई खालून हसत होत्या. “वर्षभर फुकट कणीक तिंबली म्हणायची मी!”

“पुन्हा करा,” तो म्हणाला.

त्यांनी पुन्हा केलं. हात पुन्हा गेला. त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं आणि या वेळी हात पोटाशी धरून ठेवला, दात आवळून. कंबर उसळली तसा तो कलंडला आणि पाठीवर आला. छत दिसलं. नुसतं छत.

ताई त्याच्याकडे बघत राहिल्या. आता त्या हसत नव्हत्या.

“भाऊजी, तुम्हाला मी नाही पाडलं. तुम्ही पडलात.”

“पुन्हा करून बघा. तुमची पकड सैल पडली असेल.”

“नाही हो.” त्या हळू बोलल्या. “पकड तीच आहे. तुमचं अंग आता ऐकणार नाही. ती असती ना, तर तिलाही आता दुसरं काहीतरी शोधावं लागलं असतं.”

“तिनं शोधलं असतं,” तो म्हणाला.

“हो. तिनं शोधलं असतं. मला हा एवढाच डाव येतो.”

सरांनी वेळ झाल्याची शिट्टी वाजवली. क्लास संपताना सगळे भिंतीलगत ओळीनं उभे राहत, आणि एकेक जण पुढे सरकत बाकीच्यांचा हात हातात घेई. आज शाबासकी द्यायला सगळे त्याच्यापाशी जरा जास्त थांबत होते. कुणी दोन्ही हातांनी हात धरला, कुणी खांद्यावर थोपटलं, कुणी नुसतीच मान हलवली. गेल्या वर्षी ती गेली तेव्हा इस्पितळाच्या दारात लोक असेच ओळीनं आले होते. तो ताठ उभा राहिला आणि तेव्हासारखाच प्रत्येकाला “हो, हो, या सावकाश,” म्हणत राहिला.